मालवाहू विमानकंपनी की प्रवासी? पगार, पाळ्या आणि झोप यांचा हिशेब कसा मांडायचा?

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ह्यांची नोकरी कोकण रेल्वेत, स्टेशनवर. त्यामुळे रात्रपाळी काय असते ते आमच्या घराला सांगावं लागत नाही. दुपारी पडदे ओढून, कुकरची शिट्टी न होऊ देता स्वयंपाक करण्यात माझी वीस वर्षं गेली.

प्रश्न लेकीचा आहे. बारावीनंतर तिने वैमानिक व्हायचं ठरवलं. २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएचे (म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर, रेडिओचा परवाना, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, मग बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायचं खास प्रशिक्षण आणि परवानगी. यात आमची साठवण गेली, कर्ज झालं आणि कलमांची अर्धी बाग विकावी लागली. आता तिच्यासमोर दोन दारं उघडी आहेत. एक प्रवासी विमानकंपनी, एक मालवाहू. विमान दोन्हीकडे तेच. मालवाहू कंपनीने सांगितलेला महिन्याचा आकडा थोडा मोठा आहे आणि लेकीचं मन तिकडेच आहे. "आई, उड्डाणं कमी, पगार जास्त, विमानही आवडीचं," असं ती म्हणते.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले, पण ते ताडून बघता येईनात. एकीकडे सगळा पगार तासावर, दुसरीकडे काही भाग ठरलेला आणि काही तासावर. एका कागदात 'ब्लॉक अवर' आहे, दुसऱ्यात 'ड्युटी अवर'. एकात स्टँडबायचे, म्हणजे बोलावलं तर हजर व्हायच्या तयारीत राहण्याचे दिवस लिहिलेत, दुसऱ्यात त्याबद्दल अक्षर नाही. एककं वेगळी असली की तुलना होत नाही, हे मी सातवीच्या मुलांना शिकवते. इथे एकक कोणतं धरायचं, ते कुणी जाणकाराने सांगावं ही विनंती.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ५:४०

ताई, मी मालवणचा. सहा वर्षं मालवाहू विमानावर को-पायलट आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आत्ताच उतरलोय, हॉटेलवर जाणाऱ्या गाडीत बसून लिहितोय, तेव्हा थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

ब्लॉक अवर म्हणजे विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. ड्युटी म्हणजे तुम्ही कामावर हजर झालात तेव्हापासून सुटेपर्यंतचा सगळा वेळ. प्रवासी विमानात या दोन्हींतलं अंतर कमी असतं, कारण विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडतं. आमच्याकडे तसं नाही. रात्री दहाला हजर व्हायचं, दीड तास उडून हबला, म्हणजे जिथे सगळीकडचा माल एकत्र येतो त्या विमानतळावर उतरायचं, मग चारी दिशांनी आलेला माल उतरून, वेगळा होऊन, पुन्हा चढेपर्यंत तीन-चार तास बसायचं आणि पहाटे दीड तास उडून परत. ड्युटी झाली आठ तासांची, ब्लॉक फक्त तीन. पगार नुसत्या ब्लॉकवर असेल तर बाकीचे पाच तास फुकट गेले. तुमची लेक 'उड्डाणं कमी' म्हणते ते खरं आहे, पण कमी उड्डाण म्हणजे कमी काम नव्हे.

म्हणून पहिला प्रश्न: महिन्याला किती तासांची हमी आहे? याला मिनिमम गॅरंटी म्हणतात. कल्पनेतलं उदाहरण घेतो. 'अ' कंपनी तासाला ५,००० रुपये देते आणि ७० तासांची हमी देते. 'ब' कंपनी तासाला ६,००० देते, हमी ५० तासांची. मंदीच्या महिन्यात दोन्हीकडे ४५ तासच उडणं झालं तर 'अ' देईल साडेतीन लाख, 'ब' देईल तीन लाख. भरभराटीच्या महिन्यात ८० तास झाले तर 'अ' चे चार लाख, 'ब' चे चार लाख ऐंशी हजार. आता मालवाहूत ८० तासांचे महिने वर्षात किती येतात, ते विचारा. माझे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आलेत.

दुसरं, चांगल्या करारात 'ड्युटी रिग' नावाची गोष्ट असते. समजा, दर दोन तासांच्या ड्युटीला किमान एका तासाचा पगार. मग वर सांगितलेल्या रात्रीचे तीनऐवजी चार तास धरले जातात. तशीच 'ट्रिप रिग' असते: घराबाहेर घालवलेल्या दर चार तासांना एक तास, असं काहीसं. चार दिवस, म्हणजे ९६ तास बाहेर राहिलात तर २४ तासांचा पगार, उडणं कितीही होवो. अमेरिकेतल्या मोठ्या मालवाहू कंपन्यांत हे सर्रास आहे. आपल्याकडे करारात हे शब्द सहसा नसतात, पण विचारायला हरकत नाही. आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवासी म्हणून बसवून पाठवतात, ज्याला आम्ही पोझिशनिंग म्हणतो, त्याचे पैसे पूर्ण, अर्धे की शून्य, हेही लिहून घ्या.

बाकी झोप झाल्यावर.

दर्यावरचा | मंगळवार, सकाळी ८:०५

माझं सगळं आयुष्य बोटीवर गेलं. श्रीवर्धनचा आहे, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. आमच्या पट्ट्यात दर चार घरांमागे एक माणूस बोटीवर, त्यामुळे पगाराची तुलना हा ओटीवरचा रोजचा विषय. आमच्यातही नवीन पोरगा डॉलरचा आकडा बघून सही करायचा आणि तिसऱ्या महिन्यात घरी फोन करून रडायचा.

सागरी कामगार करारात, ज्याला आम्ही एमएलसी २००६ म्हणतो, विश्रांतीचे आकडे स्पष्ट आहेत. चोवीस तासांत किमान १० तास, सात दिवसांत किमान ७७ तास. जहाजात तेल आहे, कोळसा आहे की माणसं आहेत, यावर तो आकडा बदलत नाही. विमानात तसंच आहे का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आणखी एक सांगतो, ताई. नियम कागदावर असणं आणि तो पाळला जाणं यात फरक आहे. मी एका जहाजावर होतो तिथे विश्रांतीचा तक्ता महिनाअखेरीस एका बैठकीत भरला जायचा, सगळ्यांना सारखेच दहा तास. सलग दोन बंदरं झाली, ३० तास डोळ्याला डोळा नाही आणि तक्त्यावर मात्र गाढ झोप. सही माझीही होती त्यावर. आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा लेकीने तिथे काम करणाऱ्या दोन-तीन जणांना गाठून विचारावं, 'मी थकलोय, आज उडवत नाही' असं तिथे कुणी म्हणालं तर पुढे काय होतं? या एका उत्तरात कंपनी कळते.

वाशिष्ठी | मंगळवार, रात्री ११:३०

मूळची चिपळूणची, आता अमेरिकेत. विमानांच्या उड्डाण-नियोजनात नोकरी करते, म्हणजे डिस्पॅचर. दर्यावरचा काकांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण या व्यवसायातलं माझ्या मनाला सर्वांत लागणारं प्रकरण तेच आहे. थोडं मोठं होईल.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या लहान कंपनीचं प्रवासी विमान पडलं. ५० माणसं गेली. मुख्य कारण वैमानिकाची चुकीची प्रतिक्रिया असं ठरलं, पण चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. सहवैमानिक मुलगी सिएटलला आईवडिलांकडे राहायची आणि बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, होतं देशाच्या दुसऱ्या टोकाला, नेवार्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांच्या जादा आसनावर बसून मेम्फिसमार्गे नेवार्कला पोचली आणि त्याच दिवशी ड्युटीवर गेली. लहान कंपन्यांतल्या सहवैमानिकांचा तुटपुंजा पगार हा त्या सुनावणीतला मोठा विषय झाला. पगार आणि झोप हे दोन वेगळे तक्ते नाहीत, हे मला तिथे समजलं.

त्यानंतर मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि अमेरिकेने विश्रांतीचे नियम नव्याने लिहिले. त्यांना 'भाग ११७' म्हणतात, ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. ड्युटीआधी १० तास विश्रांती, त्यात ८ तास सलग झोपेची संधी. ड्युटी किती लांब असावी हे ती किती वाजता सुरू होते आणि किती वेळा उतरायचंय यावर ठरतं. आठवड्यात सलग ३० तास पूर्ण मोकळे. विज्ञानाला धरून लिहिलेला नियम आहे तो.

पण मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं. कारण दिलं खर्चाचं: मालवाहू कंपन्यांना नियम लावायला जेवढा पैसा लागेल त्यापेक्षा होणारा फायदा कमी. फायदा मोजताना वाचणारे जीव धरतात आणि मालवाहू विमानात माणसं असतात दोन-तीन. म्हणजे रात्रभर उडणारे वैमानिक जुन्या, ढिल्या नियमांवर राहिले आणि दिवसा उडणाऱ्यांना नवे नियम मिळाले.

१४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे यूपीएस या बड्या अमेरिकी मालवाहू कंपनीचं एअरबस ए३०० विमान बर्मिंगहॅम, अलाबामा इथे धावपट्टीच्या अलीकडे टेकडीवर आदळलं. दोन्ही वैमानिक गेले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात ते दोघं याच विषयावर बोलत होते, की प्रवासी वैमानिकांना विश्रांतीचे वेगळे नियम आणि आपल्याला वेगळे, हे बरोबर नाही. चौकशी अहवालात थकव्याचाही उल्लेख आहे. ते वाचल्यावर माझ्याकडून त्या दिवशी काम झालं नाही. मालवाहू वैमानिकांनाही तेच नियम लावा, असं विधेयक अमेरिकी संसदेत पुन्हा पुन्हा मांडलं गेलंय.

युरोपात हा भेद नाही. तिथले नियम २०१६ पासून लागू आहेत आणि विमानात माणसं असोत की खोकी, वैमानिकाचं शरीर तेच धरलंय. २८ दिवसांत १०० तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही, सात दिवसांत ६० तासांपेक्षा जास्त ड्युटी नाही, कॅलेंडर वर्षात ९०० तास. काका, तुमच्या सागरी कराराच्या जवळ जाणारं हे आहे.

मग अमेरिकेतले मालवाहू वैमानिक जगतात कसे? कायद्याने जे दिलं नाही ते करारातून मिळवून. यूपीएसच्या वैमानिकांची स्वतःची संघटना आहे, फेडेक्स या दुसऱ्या बड्या मालवाहू कंपनीचे वैमानिक एएलपीए या मोठ्या संघटनेत आहेत. रिग, हमी, हबवर झोपायच्या खोल्या, निवृत्तिवेतन, घरापासून दूर असतानाचा भत्ता, सगळं करारात. यूपीएसमध्ये कोणतं विमान उडवता यावर दर ठरत नाही, कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर आणि किती वर्षं झाली यावर ठरतो. फेडेक्समध्ये मोठ्या विमानाचा दर वेगळा. ज्येष्ठ कॅप्टनचा दर तासाला ३०० डॉलरच्या वर जातो. इथल्या सरकारी आकडेवारीत २०२४ मध्ये विमानकंपन्यांच्या वैमानिकांची मध्यम वार्षिक कमाई सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास होती, आणि त्यात छोट्या कंपन्याही आल्या. तरीही २०२३ च्या जुलैमध्ये फेडेक्सच्या वैमानिकांनी समोर आलेला नवा करार ५७ टक्के मतांनी फेटाळला. पगारवाढ त्यात होती.

याच बड्या कंपन्यांवरची मंदीही सांगते. करोनात मालाला सोन्याचा भाव होता, नंतर तो उतरला. फेडेक्सकडे अमेरिकी टपाल खात्याचं मोठं काम होतं, ते सप्टेंबर २०२४ मध्ये यूपीएसकडे गेलं. एक गिऱ्हाईक गेलं की शेकडो वैमानिकांचे तास घटतात. खाडीकाठताई, त्या मालवाहू कंपनीचा किती माल एकाच गिऱ्हाइकाचा आहे, हे जरूर विचारा.

आणि एक: इथे यायचं स्वप्न पगाराचे आकडे बघून धरू नये. फेडेक्स-यूपीएसला अमेरिकेत काम करायचा कायमचा हक्क असलेली माणसंच लागतात. तुलना भारतातल्या भारतात करा.

देवगडातला | बुधवार, दुपारी १:२०

वाशिष्ठीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी आंबा बागायतदार, माल थोडा परदेशी पाठवतो. मला पगारातलं काही कळत नाही, पण माल कसा चालतो ते सांगू शकतो.

आपला हापूस बहुतेक वेळा प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातो, मालवाहूतून नव्हे. वाशीला प्रक्रिया होते, तिथून मुंबईचा विमानतळ. युरोपला उष्णजल प्रक्रिया लागते, अमेरिकेला विकिरण. २०१४ मध्ये युरोपने आंब्यावर बंदी घातली तेव्हा आमच्या पेट्या जागेवर सडल्या, आणि ती बंदी उठली २०१५ च्या जानेवारीत. तेव्हा मला कळलं की सात समुद्रापलीकडच्या एका कागदाने इथल्या गड्याची मजुरी बुडते. ताई, मालवाहू वैमानिकाचंही तसंच असणार. प्रवासी दर सुट्टीला येतोच, पण माल थांबला की थांबला.

अवांतर: नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालाय. तिथे मालाची सोय वाढली तर आमचा ट्रक मुंबईच्या गर्दीत न शिरता थेट पोचेल आणि कदाचित तुमच्या लेकीचा बेसही घराजवळ येईल. मनापासून वाटतं तसं व्हावं.

काजूगर | बुधवार, रात्री ८:४५

बँकेत आहे, शैक्षणिक कर्ज माझ्या टेबलावरून जातात. वैमानिक प्रशिक्षणाची कर्जंही बघितली आहेत, म्हणून दोन गोष्टी.

बाँड. टाइप रेटिंग तुम्ही स्वतः केलं असेल तरी कंपनी पुढच्या प्रशिक्षणाच्या नावाने बाँड घेते. किती वर्षांचा, मधे सोडलं तर किती भरायचे आणि रक्कम दरवर्षी कमी होते का, हे बघा. एका कुटुंबाच्या बाँडमध्ये शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण रक्कम होती. मुलगा अकरा महिने शिल्लक असताना आजारी पडला. त्या घराने ती रक्कम भरली.

नोटीस. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे 'नाही पटलं तर सोडून देईन' हे इतकं सोपं नाही. आणि परवाना गमावल्याचा विमा कंपनी देते का, किती रकमेचा, पहिल्या वर्षापासून की नंतर? वैद्यकीय तपासणीत एकदा नापास झालं की पगार थांबतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. पगारात दहा हजार कमी असले तरी चालतील, पण हा विमा हवाच असं मी माझ्या मुलाला सांगितलं असतं.

तांडेल | बुधवार, रात्री १०:१५

माका इमानातला काय कळणा नाय. चाळीस वर्सां होडयेर गेली, वेंगुर्ल्याच्या दर्यात. येक सांगतंय. राती दोन ते चार, ह्यो टायम लय वायट. दिवसा कितीय झोपलंस तरी त्या टायमाक डोळे मिटतत. माझ्या होडयेर त्या येळेक कोणाकच येकट्याक सुकाणूर ठेवलंय नाय, दोघे बसवलंय आणि बोलत ऱ्हवा म्हणान सांगलंय. पैशे मगे येतत. पोरीक झोप पयली बघूक सांग, बाय.

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी ३:००

तांडेल आजोबा, तुम्ही सांगितलंत तेच नियमात लिहिलंय. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळातला सर्वांत खोल उताराचा काळ मानतात आणि अमेरिका-युरोप दोन्हीकडे ड्युटीची गणितं त्या काळाभोवती मांडली आहेत. तुम्ही ते दर्यात शिकलात.

आता भारताचं. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास. रात्र पूर्वी बारा ते पाच धरायचे, ती बारा ते सहा झाली. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहा वेळा उतरता यायचं, ते दोनवर आणलं. अंमल दोन टप्प्यांत झाला, जुलै २०२५ आणि नोव्हेंबर २०२५. पुढच्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि तिला काही काळ सूट द्यावी लागली, ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा लोक वैमानिकांवर चिडले होते. माझी विनंती आहे की चिडू नका. माणसं पुरेशी ठेवली असती तर नियम जड गेला नसता.

ताई, प्रत्येक कंपनीची ड्युटी आणि विश्रांतीची स्वतःची मंजूर योजना असते, ती ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये असते. मुलाखतीत लेकीने तेच पान मागावं. सलग किती रात्री लावता, रात्रींच्या मालिकेनंतर किती वेळ मोकळा देता, रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, किती दिवस आधी मिळतं आणि बदललं तर काय? माझ्या पहिल्या कंपनीत रोस्टर पंधरा दिवसांचं यायचं पण तिसऱ्या दिवशी त्याची ओळख राहायची नाही. दिवसा दोन, मग रात्री दोन, मग पुन्हा पहाट. शरीराला कोणताच काळ आपला वाटेनासा होतो. सलग पाच रात्री परवडल्या, पण हे उलटसुलट नको, हे मी अनुभवाने सांगतो.

मालवाहूतल्या चांगल्या गोष्टीही सांगायला हव्यात, नाहीतर लेकीवर अन्याय होईल. आमच्या मार्गांवर तीच तीच शहरं असतात, त्यामुळे जम बसतो. बेसवरचे काही महिने असे जातात की सकाळी सातला घरी, दुपारी झोप, संध्याकाळ मुलांबरोबर. पहाटेचं आकाश रिकामं असतं आणि रेडिओवर गोंगाट नसतो. विमान हातात असल्यासारखं वाटतं.

पण मालाकडे लक्ष ठेवावं लागतं. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएसचं ७४७ पडलं. आतल्या लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली, धुराने वैमानिकांना समोरची उपकरणंही दिसेनात. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बगरामला दुसऱ्या कंपनीचं ७४७ उड्डाण करतानाच कोसळलं, कारण बांधलेली लष्करी वाहनं सुटून मागे सरकली. सात जण गेले. म्हणून धोकादायक मालाचा कागद कॅप्टनच्या हातात कधी येतो आणि तो वाचायला वेळ देतात का, हाही कामाच्या अटींचाच भाग आहे. मी माझ्या कॅप्टनबरोबर मालाच्या जाळ्या स्वतः बघितल्याशिवाय दार बंद करू देत नाही. उशीर झाला तर झाला.

दर्यावरचा | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

रात्रपाळी, शाब्बास रे बाबा. असाच राहा.

खाडीकाठ | शनिवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द पुरत नाहीत. तीन दिवस आम्ही तिघं या धाग्यावरच जगलो. ह्यांनी एकच आठवण काढली. २२ मे २०१० च्या सकाळी मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टीवरून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. ह्यांची तेव्हा ड्युटी होती. कॅप्टन उड्डाणात बराच वेळ झोपला होता आणि जाग आल्यावरचा जडपणा उतरताना नडला, असं पुढे चौकशीत आलं. हे म्हणाले, "प्रवासी काय नि मालवाहू काय, रात्रीची गाडी ती रात्रीची गाडी. स्टेशनवर मी डुलकी काढली तर सिग्नल लाल असतो, गाडी उभी राहते. तिला तसा सिग्नल नाही." लेक ते ऐकून गप्प बसली.

मी वहीत उभे दोन रकाने आखले आणि एकक धरलं घराबाहेर घालवलेली एक रात्र. वर्षभराचा हमी पगार भागिले बाहेरच्या रात्री. पोझिशनिंग आणि स्टँडबायच्या रात्रीही मोजल्या. मोठा दिसणारा मालवाहूचा आकडा त्या भागाकाराने लहान झाला, कारण त्यांची हमी कमी आहे आणि बेस चेन्नईला. रत्नागिरीहून तिथे पोचायला आज तरी आधी गाडीने मुंबई किंवा गोवा, मग विमान. ती सुट्टीच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रवासातच असणार. कोलगनच्या त्या मुलीचं वाचल्यापासून हा मुद्दा मी सोडत नाही. बेसवर भाड्याचं घर घेतल्याशिवाय जायचं नाही, हे लेकीने कबूल केलंय. ते भाडं धरल्यावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात.

तिने दोन्ही कंपन्यांना पत्र पाठवलं. प्रवासी कंपनीकडून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बाँड दरवर्षी कमी होतो, विमा पहिल्या दिवसापासून आहे, रोस्टर महिन्याचं. सलग रात्रींबद्दल मात्र 'नियमानुसार' एवढंच लिहिलंय. मालवाहू कंपनीने सलग चार रात्रींपेक्षा जास्त लावत नाही असं लेखी कळवलंय आणि मॅन्युअलचं पान प्रत्यक्ष येऊन वाचायला बोलावलंय. हमीचे तास वाढवायला नाही म्हणाले. विम्याबद्दल उत्तर नाही.

रात्रपाळी, एक विचारायचं राहिलं. त्यांच्या कागदात 'स्टँडबाय बेसवर, ९० मिनिटांत हजर' असं आहे. ती रात्र ड्युटीत धरतात का? आणि बोलावलंच नाही तर दुसऱ्या दिवशी तिला मोकळं समजतात की विश्रांती झाली असं समजतात?

रात्रपाळी | रविवार, पहाटे ४:५५

ताई, हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारायला हवा होता. कंपनीनुसार फरक पडतो. स्टँडबायचे तास ड्युटीत किती धरायचे हे त्याच मॅन्युअलच्या प्रकरणात लिहिलेलं असतं. ती पान वाचायला जाईल तेव्हा 'स्टँडबाय'चा परिच्छेद आणि त्याच्या खालचा 'विश्रांती'चा परिच्छेद, दोन्ही वाचून वहीत उतरवून घ्यायला सांगा. ते शब्द इथे टाका, मी माझ्या मॅन्युअलशी ताडून सांगतो. विम्याचं उत्तर लेखी आल्याशिवाय सही नको. आता माल चढतोय, खाली जाऊन जाळ्या बघतो.